चाकूरचे ऊन आणि विलायती अक्रोड

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डावरचा सुटलेला लाकडी पापुद्रा टाकून द्यावा की वाचवावा?

मोटार ही लोखंडाची वस्तू आहे, अशी आपली सर्वांची समजूत असते. ती खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. मोटार घेणे हे घर बांधण्याइतकेच मोठे काम समजले जाई, त्या काळातल्या एखाद्या भारी विलायती गाडीचे दार उघडून पाहावे. आत चक्क एक लहानसा दिवाणखाना मांडलेला असतो. बसायला चामड्याच्या गाद्या, पायाखाली गालिचा, आणि समोर, जिथे वेग, तेल आणि पेट्रोल सांगणारी घड्याळे बसवलेली असतात तिथे, चकचकीत तपकिरी लाकूड. त्या लाकडावर पावसाळी ढगांसारखी नक्षी असते. नीट पाहिले तर उजवीकडची आणि डावीकडची नक्षी आरशातल्या प्रतिमेसारखी एकमेकींना जुळते. दारांच्या काचांखालीही त्याच लाकडाच्या पट्ट्या फिरवलेल्या असतात. रोल्स-रॉइस, बेंटले, डेमलर, जग्वार, हंबर, रोव्हर या गाड्यांची निम्मी ऐट या लाकडात होती.

आता या गाड्या साठी-सत्तरी ओलांडून बसल्या आहेत. त्यांचे इंजिन उघडून पुन्हा बांधता येते, गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, फाटलेल्या गाद्या शिवून घेता येतात. पण डॅशबोर्डाच्या कडेला लाकूड फुगले, त्याची किनार जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी सुटून वर आली, की मालक गोंधळतो. गावातले मिस्त्री आपल्या परीने प्रामाणिक सल्ला देतात, "मालक, हे समदं काढून टाकूत अन् वरून सनमायका मारूत. धा वर्षं बघायचं काम नाही." सल्ला स्वस्त असतो, काम दोन दिवसांत होते, आणि पुन्हा कुठल्याही बाजारात न मिळणारी एक वस्तू कचऱ्यात जाते.

ती वस्तू वाचवता येते, एवढेच सांगण्यासाठी हा लेख. सुटलेले लाकूड बहुधा मेलेले नसते. थकलेला असतो तो त्याच्या खालचा गोंद. हा फरक एकदा ध्यानात आला, की पुढचे काम अवघड राहत नाही. त्याला सवड लागते आणि सावध हात लागतो.

फळीवरचा पापुद्रा

डॅशबोर्डाची फळीच्या फळी अक्रोडाची आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात खाली साध्या लाकडाची किंवा प्लायवूडची फळी असते आणि तिच्यावर अक्रोडाचा एक पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. कारखान्यांच्या भाषेत हाच व्हिनिअर. यंत्राच्या पात्याने कापलेला असा पापुद्रा बहुधा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरहून जाड नसतो. फार जुन्या काळी तो करवतीने कापीत, तेव्हा तो जाड निघे.

यात फसवणूक आहे असे कोणी समजू नये. ढगांसारखी सुंदर नक्षी अक्रोडाच्या खोडावर आलेल्या गाठीत असते. अशा गाठीत लाकडाचे तंतू सगळ्या दिशांनी वळलेले असतात, म्हणून तिची जाड फळी काढली तर ती वेडीवाकडी होते आणि चिरते. तिचे सौंदर्य वापरायचे तर तिचे पापुद्रेच काढावे लागतात. ही युक्ती मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. १९२२ साली इजिप्तमध्ये तूतनखामेनची कबर सापडली, तिच्यातल्या सामानातही हस्तिदंत आणि आबनूस यांचे पातळ थर चढवलेल्या वस्तू होत्या. त्यांचे वय तीन हजार वर्षांहून अधिक आहे.

एकाच गाठीतून लागोपाठ कापलेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी शेजारी लावले, म्हणजे नक्षी जुळते. एका मोटारीतले सगळे लाकूड याच रीतीने एका गाठीतून निवडलेले असे. म्हणून त्यातला एक तुकडा फेकला तर नुकसान तेवढ्या तुकड्याचे होत नाही, साऱ्या जोडाचे होते. तोडीस तोड तुकडा द्यायचा तर तीच गाठ हवी, आणि ती तर केव्हाच संपलेली असते.

चाकूरचे वर्षभर

विलायतेत जन्मलेल्या या लाकडाला आपल्याकडे काय सोसावे लागते, हे समजून घ्यायला चाकूरसारखे दुसरे गाव नको. लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडकडे निघाले, की पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या आत हे तालुक्याचे गाव लागते. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते, की दोरीवरचे धोतर बघता बघता वाळते. जूनमध्ये पाऊस येतो, आणि ऑगस्टात तेच धोतर दोन दिवस ओलसर राहते.

लाकूड झाडापासून तुटले तरी हवेतले पाणी पिण्याची आणि सोडण्याची सवय सोडत नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्यात वजनाच्या पाच-सहा टक्के पाणी उरते. पावसाळी हवेत बरेच दिवस राहिले तर ते पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत जाते. या फरकाने लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला हलते. दहा सेंटीमीटर रुंदीची अक्रोडाची फळी एवढ्या चढउतारात सुमारे दोन मिलिमीटर कमीजास्त होते. खालची फळी एका मापाने हलते, वरचा पापुद्रा दुसऱ्या मापाने हलू पाहतो, आणि या ओढाताणीत मधल्या गोंदाला दरवर्षी दोन्ही बाजूंचे धक्के बसतात.

त्यात मोटारीची आणखी एक अडचण. काचा बंद करून गाडी उन्हात उभी केली, की समोरच्या काचेखालचा डॅशबोर्ड सत्तर अंश सेल्सियसच्या घरात तापतो. घरातल्या कपाटाला असला ताप कधीच होत नाही. काचेभोवतीचे रबर उन्हाने वाळून फाटले, की पावसाचे पाणी थेंबाथेंबाने त्याच डॅशबोर्डाच्या कडेत मुरते. पापुद्रा बहुधा खालच्या कडेला किंवा काचेजवळच्या कोपऱ्यात प्रथम का सुटतो, याचे उत्तर इथे आहे.

चाकूरचा हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या दरबारातल्या एका गाडीची हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ साली रोल्स-रॉइसची एक गाडी मागवली. लंडनच्या बार्कर कंपनीने तिच्यावर पिवळ्या रंगाची बॉडी चढवली आणि मागे सिंहासनासारखी उंच बैठक केली. गाडी येण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या ऑगस्टात, निजाम वारले. त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांनी ती केवळ समारंभांसाठी वापरली. १९४७ पर्यंतच्या पस्तीस वर्षांत ती अवघी ३५६ मैल, म्हणजे पावणेसहाशे किलोमीटरांच्या आत चालली, असे सांगतात. चाकूरहून पुण्याला जाऊन परत यायला याहून जास्त अंतर पडेल! पुढे ती कित्येक वर्षे नुसती उभी राहिली. शेवटी तिला दुरुस्त करून नव्याने उभे करावे लागले, आणि मग ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात लोकांना पाहायला मिळाली.

पावणेसहाशे किलोमीटरांत इंजिन झिजत नाही. तरीही गाडी दुरुस्तीला येते, कारण लाकूड, चामडे आणि रबर यांचे वय मैलांवर मोजायचे नसते. ते उन्हाळे-पावसाळ्यांवर मोजावे लागते. "आमची गाडी तर शेडमध्येच उभी असते," असे म्हणणाऱ्या मालकाने हे लक्षात ठेवावे. उलट कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबाख दरवर्षी दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी बाहेर निघते. वर्षातून एकदा का होईना, जी गाडी बाहेर काढायची असते तिच्याकडे कोणाचे तरी लक्ष राहते.

गोंदाने पाडलेली विमाने

गोंदाची गोष्ट क्षुल्लक वाटत असेल, तर दुसऱ्या महायुद्धातला एक प्रसंग ऐकावा. डी हॅव्हिलंड कंपनीचे 'मॉस्किटो' हे विमान त्या काळच्या अत्यंत वेगवान विमानांपैकी एक. आणि ते लाकडाचे होते! पातळ लाकडी थर एकमेकांवर चिकटवून त्याचे अंग बनवलेले असे. ही विमाने भारतात आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. १९४४ च्या अखेरीस त्यांतल्या काहींचे पंख हवेतच निकामी होऊन अपघात झाले आणि नोव्हेंबरमध्ये इथल्या मॉस्किटोंची उड्डाणे थांबवावी लागली. चौकशीत कोणी गोंदाला दोष दिला, कोणी पावसाळ्यात फुगून नंतर आकसणाऱ्या लाकडाला, तर कोणी कारखान्यातल्या सांधेजोडीच्या ढिलाईला. पहिल्या विमानांत दुधातल्या केसीनचा गोंद होता. पुढे त्याची जागा पाण्याला अधिक दाद न देणाऱ्या कृत्रिम गोंदाने घेतली.

मोटारींच्या बाबतीतही हेच घडले. महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत पापुद्रा बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या गोंदाने चिकटवलेला असे. युद्धानंतर कारखान्यांनी कृत्रिम राळेचे गोंद घेतले. सरस ऊब आणि ओल एकत्र मिळाली की मऊ पडतो. हा त्याचा दोष आहे आणि दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण. कृत्रिम राळ एकदा घट्ट झाली, की ती पुन्हा मऊ होत नाही. वर्षांनी ठिसूळ होऊन तिचा भुगा पडतो. म्हणून आपल्या गाडीत कोणता गोंद आहे, हे पाहिल्याशिवाय इलाज ठरवू नये.

आधी ओळख, मग इलाज

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. हसू नका! १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या कित्येक अमेरिकन गाड्यांचा डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा असे आणि त्यावर लाकडाची नक्षी हुबेहूब रंगवलेली असे. लोहचुंबक चिकटला तर समजावे, की हे काम सुताराचे नाही, रंगाऱ्याचे आहे.

दुसरी परीक्षा नखाची. नखाने लाकडावर हलके हलके टिचक्या मारीत जावे. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो. सुटलेल्या जागी पोकळ, भोपळ्यावर बोट मारल्यासारखा. पोकळ जागांभोवती खडूने रेघ ओढावी. डोळ्यांना एक फुगा दिसतो तिथे कानांना बहुधा तीन सापडतात.

तिसरी परीक्षा गोंदाची. सुटलेल्या कडेखालचा गोंदाचा कण काढून कोमट पाण्यात टाकावा. तासाभरात तो फुगून बुळबुळीत झाला तर सरस समजावा. जसाच्या तसा राहिला तर कृत्रिम राळ.

चौथी परीक्षा पॉलिशची. एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब लावावा. चिकट झाले तर वरचे पॉलिश लाखेचे. स्पिरिटला दाद न देता थिनरला मऊ पडले तर सेल्युलोज. दोन्हींना जुमानले नाही तर ते पुढच्या काळातले कठीण कृत्रिम आवरण.

या परीक्षांनंतरही हात लाकडाला लागायचा नाही. आधी काचेचे रबर बदलावे आणि पाण्याची वाट बंद करावी. छप्पर गळत असताना भिंतीला चुना लावून काय उपयोग!

प्रत्यक्ष काम

गाडीत बसून डॅशबोर्ड दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. बॅटरीची तार सोडावी, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी, एकेका घड्याळाचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवावेत, आणि फळी बाहेर काढून टेबलावर आडवी घ्यावी. एक सूचना महत्त्वाची आहे. फार जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असतो, तो रेडियमचा असू शकतो. तो खरवडू नये, फुंकू नये, घड्याळ उघडूही नये.

आता सुटलेली कड. तिच्याखाली वर्षानुवर्षांची धूळ आणि मेण साचलेले असते. पातळ सुरीचे पाते अलगद आत सरकवून ते बाहेर काढावे. खालचा गोंद सरस असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने तो पुसून घेता येतो. कृत्रिम राळेचा भुगा असेल तर तो कोरडाच खरवडावा लागतो. पापुद्रा वाळून कडक झालेला असेल तर तो जोराने दाबला की मोडतो. अशा वेळी त्याला किंचित दमट ऊब द्यावी आणि तो नरम होईपर्यंत थांबावे. घाई करणाऱ्याचे तुकडे होतात आणि थांबणाऱ्याचे काम होते.

सरस असेल तर तो आधी रात्रभर थंड पाण्यात भिजवतात. मग भांड्यात भांडे ठेवून, बाहेरच्या पाण्याच्या वाफेवर, साठ अंशांच्या आसपास तापवतात. थेट विस्तवावर ठेवला, उकळला, की त्याची ताकद गेली. कडेखाली तो ब्रशाने किंवा पातळ काडीने भरावा. मधला फुगा असेल तर त्यावर ब्लेडने लाकडाच्या रेषेच्याच दिशेने एक चीर द्यावी, इंजेक्शनच्या सुईने गोंद आत सोडावा आणि बोटाने दाबीत फिरवून जादा गोंद बाहेर काढावा. रेषेला आडवी चीर कधी देऊ नये, ती जन्मभर दिसते.

वर मेणकागद ठेवावा, त्यावर सपाट लाकडी ठोकळा आणि मग क्लॅम्प. दारावरच्या पट्टीसारखी बाकदार जागा असेल तर ठोकळा बसत नाही. तिथे जुन्या सुतारांची युक्ती कामाला येते. कापडी पिशवीत बारीक वाळू भरून ती कोमट करावी आणि वर ठेवावी. पिशवी बाकाप्रमाणे स्वतःच बसते, सगळीकडे सारखी दाबते आणि सरसाला ऊबही देते. चोवीस तास ती हलवू नये.

तुकडा हरवलाच असेल तर ठिगळ लावावे लागते. ठिगळ चौकोनी कापू नये. चौकोनाची आडवी रेघ डोळ्यांत भरते. ते होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते असावे, म्हणजे त्याच्या कडा लाकडाच्या रेषांत हरवतात. लाकूड आणावे कुठून? पहिली जागा तीच गाडी. घड्याळांच्या कड्यांखाली आणि कप्प्याच्या मागे झाकलेला पापुद्रा असतो, तिथून नखाएवढा तुकडा काढता येतो आणि तो जुळतोही. तेवढ्याने भागले नाही तर काश्मीरकडे पाहावे. इंग्रज ज्याला 'इंग्लिश' अक्रोड म्हणतात, तीच जात काश्मीरच्या खोऱ्यात वाढते आणि तिथल्या कोरीव कामात वापरली जाते. रंग मात्र जपून जुळवावा. उन्हात राहून जुने अक्रोड फिके आणि सोनेरी झालेले असते. नवा तुकडा त्यापुढे काळसर दिसतो.

खालची फळीच कुजली असेल तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे पाण्याला टिकणारे मरीन प्लायवूड घ्यावे. दारावरच्या जाड पट्ट्यांना मात्र नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचे सागवान उत्तम. साग अक्रोडाहून कमी हलतो, म्हणजे वरच्या पापुद्र्याला कमी ओढतो. परदेशी गाडीला गावाकडचे लाकूड लावण्यात कमीपणा काही नाही. ते झाकलेले असते, आणि तिथल्या मूळ लाकडाहून इथल्या हवेला जास्त ओळखते.

आता एक प्रश्न उरतो. हल्लीचा पांढरा गोंद का नको? घरातल्या कपाटाला तो छान आहे. पण तापलेल्या डॅशबोर्डात तो नरम होतो आणि ताणलेला पापुद्रा हळूहळू सरकू लागतो. झटपट सुकणारा गोंद लाकडात शोषला जाऊन डाग पाडतो. संपूर्ण नवा पापुद्रा चढवायचा असेल आणि गाडी रोज उन्हात उभी राहणार असेल, तर कृत्रिम राळेचा गोंद घ्यावा. पण जुना पापुद्रा जागच्या जागी बसवताना, खाली सरसच असेल तर, सरसच बरा. आपण केलेले काम चुकीचे ठरले तर पुढचा कारागीर ऊब आणि पाणी देऊन ते सोडवू शकेल. जुन्या वस्तूची दुरुस्ती करताना पुढच्या माणसासाठी एवढी वाट मोकळी ठेवावी.

परत आलेली लाख

पापुद्रा बसला, की पॉलिशचे काम. इथे सर्वांत मोठा धोका काचकागदाचा. अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्यावर चार वेळा जोर लावला, की खालची फळी हसू लागते, आणि त्यावर इलाज नाही. म्हणून यंत्राने घासणे अजिबात नको. ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, हलक्या हाताने, रेषेच्या दिशेने.

जुन्या विलायती लाकूडकामाची ती ओळखीची खोल झळाळी ज्या पॉलिशची, ते मूळचे आपल्याच मातीतले. लाखेचे किडे पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राहतात आणि अंगातून राळ सोडतात. ती गोळा करून, वितळवून, पातळ पत्र्यासारखी पसरली की चपडी होते, आणि चपडी स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश. एके काळी सारे जग ही लाख मुख्यतः भारताकडून घेई. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही तिच्याच. उन्हाळ्याच्या तोंडाशी मराठवाड्याच्या माळावर केशरी पेटलेला पळस पाहताना, विलायतेतल्या दिवाणखान्यांची चमक याच्याच भाऊबंदांकडून गेली, हे कोणाला सुचणार!

कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून, त्यात थोडे पॉलिश घेऊन, गोल गोल हात फिरवीत थरांवर थर चढवायचे. एकेक थर वाळू द्यायचा. हे काम दोन दिवसांचे नाही, दोन आठवड्यांचे आहे. मात्र खरे सांगायचे तर लाख उष्णता आणि पाणी दोन्हींना हळवी असते. गाडी शेडमध्ये राहणार असेल तर ती पुरते. बाहेर वापरायची असेल, तर मेण काढलेल्या चपडीचा पातळ थर आधी द्यावा आणि वर ऊन सोसणारे व्हार्निश चढवावे. ज्यांच्या गाडीवर मूळचे सेल्युलोज आहे, त्यांनी जाणत्याकडून तेच करून घ्यावे. थिनरच्या वाफा खोलीत कोंडू देऊ नयेत आणि जवळ विडी पेटवू नये, हे सांगायला नकोच.

कायदा काय म्हणतो?

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे विचारतीलच. त्याला एक व्यवहारी उत्तरही आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम काढले. अशा गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आणि नोंदणी दहा वर्षांची. अशी गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही. ती प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, अभ्यास अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. मुख्य अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा.

नियमात डॅशबोर्डाचे नाव नाही, हे खरे. सनमायका मारला म्हणून कोणी नोंदणी नाकारणार नाही. पण नियमामागचा विचार उघड आहे. जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळपणात आहे, चकाकीत नाही. पाहणारा जाणकार बॉनेट उघडण्यापूर्वी दार उघडतो, आणि समोर प्लास्टिक दिसले की त्याच्या मनातला आकडा तिथेच खाली येतो. किंचित फिका, एखादे ठिगळ असलेला, पण मूळचा पापुद्रा त्याला नव्या कोऱ्यापेक्षा अधिक पसंत पडतो.

दुसरा लाभ गाडीच्या मालकाचा नाही, गावाचा आहे. सरस शिजवणे, वाळूची पिशवी तापवणे, बोळ्याने चपडी चढवणे, ही कामे आपल्याकडच्या जुन्या सुतारांना येत होती. सनमायका आणि तयार पॉलिशच्या दिवसांत ती शिकायला कोणी येईनासे झाले. एखाद्या मालकाने वयस्क मिस्त्रींकडे असे काम नेले आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण पोरगा बसवला, तर त्या पोराच्या हाती एक धंदा येतो. जुन्या घरांची दारे, देवघरे, हार्मोनिअमच्या पेट्या, सगळ्यांना हीच विद्या लागते.

दिवाळीनंतरचे दोन महिने

शेवटी मुहूर्ताची गोष्ट. मे महिन्यात लाकूड आकसलेले असते आणि ऑगस्टात फुगलेले. या दोन्ही टोकांना चिकटवलेला पापुद्रा दुसऱ्या टोकाला पोचताना पुन्हा ताणला जातो. म्हणून तो मधल्या ऋतूत बसवावा. आपल्याकडे असा ऋतू दिवाळीनंतर येतो. पाऊस सरलेला, हवा धड कोरडी नाही आणि धड दमट नाही, आणि ऊनही कोवळे. नोव्हेंबर आणि डिसेंबर हे दोन महिने या कामाला सर्वांत चांगले.

तोवर काय करावे? खंडेनवमीला गाडीची पूजा होते, दिवाळीला ती धुतली जाते. ओल्या झेंडूची माळ डॅशबोर्डावर ठेवू नये, ती बाहेर बॉनेटवर घालावी. नारळाचे पाणी चाकापुढे सांडावे, लाकडावर नाही. उदबत्ती आणि निरांजन दाराबाहेर असू द्यावे. ओल्या फडक्याने लाकूड पुसू नये. कोरडे मऊ कापड पुरे. उन्हात उभी करताना काचेआड जाडसर कापड टाकावे आणि काच बोटभर उघडी ठेवावी. कुठे कड सुटलेली दिसली तर तिच्यावर चिकटपट्टी लावू नये, ती काढताना पापुद्राही घेऊन येते. तिथे मऊ कागदाची घडी अलगद दोऱ्याने बांधून ठेवावी. आणि एखादा तुकडा गळून पडलाच, तर तो झाडूने लोटू नये. पाकिटात घालून त्यावर जागा आणि तारीख लिहावी आणि पाकीट गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. दिवाळीनंतर मिस्त्री आले, की पहिल्यांदा तेच पाकीट त्यांच्या हाती द्यावे.